अर्धं सांगितलेलं वचन

कवळीकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत गेली आणि मग सगळ्यांच्या तोंडी हेच नाव राहिलं. धंदाच तो होता. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचा ठसा घेत, तो डब्यात घालून काकांच्या कारखान्यात पाठवत, आणि काका त्यावरून कवळी बनवून देत. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या अंगाची एक लांबट खोली. खिडकीखाली ओटा, ओट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एका कोपऱ्यात पॉलिशची मोटर, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी उकळायचं मोठं भांडं. प्रत्येक जबड्याच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा. तीस वर्षांत हजारेक माणसं काकांच्या दातांनी जेवली असतील, पण त्यातल्या एकाच्याही तोंडात काकांनी डोकावून पाहिलं नव्हतं. रस्त्यात समोरून कुणी हसत गेलं, तर ते कधीकधी दात ओळखत. माणूस मात्र अनोळखी असायचा.

प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हात लावता येत नाही. अर्धा तास, पाऊण तास नुसतं बसायचं. या वेळात काका शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. सुरुवातीला वेळ जावा म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे पुढे तर प्लास्टर कधी घट्ट होऊन बसलं याचाही त्यांना पत्ता लागत नसे. वाचायची पद्धत त्यांच्या धंद्यासारखीच होती. एक ओळ घ्यायची आणि ती नीट बसेपर्यंत घासत राहायची. एकेका ओळीवर त्यांनी महिनेच्या महिने काढले.

एका ओळीपाशी मात्र ते तीन वर्षं थांबले. शुभवर्तमानात तो प्रसंग आहे. लोकांनी प्रभूला मारायला दगड उचललेत, कारण हा माणूस असून स्वतःला देव म्हणवतो. आणि प्रभू त्यांना उलट विचारतो की, तुमच्याच जुन्या स्तोत्रात माणसांना देव म्हटलेलं आहे, ते तुम्ही वाचलं नाही का? काकांनी जन्मात शेकडो प्रवचनं ऐकली होती, पण या जागेवर कुणी बोलल्याचं त्यांना आठवेना. तेव्हा चर्चचे म्हातारे पाळक हयात होते. काकांनी त्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "ते न्यायाधीशांना उद्देशून आहे. त्यात फार शिरू नका." आणि छत्री घेऊन निघून गेले.

काका शिरले. एकदा शिरल्यावर त्यांना ते सगळीकडे दिसू लागलं. मातीच्या पुतळ्यात फुंकलेला श्वास देवाचा होता, मग तो श्वास गेला कुठे? माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला असं पहिल्याच पानावर आहे. राज्य तुमच्या आत आहे असं प्रभू म्हणतो, आणि प्रेषित तर उघडच सांगतो की ख्रिस्त तुमच्यामध्ये आहे. काकांच्या मनात सगळं शास्त्र मिळून एकच गोष्ट तयार झाली. माणूस देवाचा आहे, ते तो विसरला, आणि त्याला त्याची आठवण करून द्यायला कुणीतरी आलं. या विचारानं काकांना इतकं हलकं वाटायला लागलं, की मोटरवर कवळी घासताना ते आपल्याशीच हसत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटे की यांना कामात काहीतरी गंमत सापडली असावी.

पुढे जुने पाळक गेले, नवे आले. ते वयानं तरुण, मनानं मोकळे. काकांच्या वाचनाची कीर्ती ऐकून त्यांनीच गळ घातली आणि काकांनी शनिवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत शास्त्रवर्ग सुरू केला. आठ पुरुष येत. त्यात एक शिंपी होता. पंचेचाळिशीचा, हाताचा कसबी, बोलायला तिखट, आणि वर्गात सगळ्यांत पुढे बसणारा.

एका शनिवारी काकांनी घर सोडून गेलेल्या आणि शेवटी डुकरं राखायची पाळी आलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट घेतली.

"डुकरांत बसून त्या पोरानं नवीन काय मिळवलं?" काका म्हणाले. "काही नाही. तो भानावर आला, एवढंच लिहिलंय. भानावर येणं म्हणजे आपण कुणाचे ते आठवणं. मुलगा तो घरात होता तेव्हाही होता आणि डुकरांत होता तेव्हाही होता."

शिंपी पुढे सरकला. "म्हणजे काका, मी आत्ता इथे या खुर्चीवर बसलोय, तोही देवाचाच?"

"देवाचाच. त्याच्याच अंशाचा."

"आणि पाप?"

"ती वर बसलेली धूळ. धूळ म्हणजे तू नव्हेस."

शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणापासून त्यानं स्वतःबद्दल ऐकलेली ही पहिली बरी गोष्ट असावी. काकांनाही भरून आलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना वाटलं, आपलं वाचन फळाला आलं.

त्यानंतर महिना झाला असेल. दुपारची वेळ होती, काका मेणाच्या पट्टीत समोरचे दात बसवत होते, आणि दारात शिंप्याची बायको येऊन उभी राहिली. ती दुकानात नवऱ्याच्या शेजारी बसून काजं-बटणं करायची. बोटाला अजून अंगुस्तान तसंच होतं.

"काका, तुम्ही माझ्या नवऱ्याला देव केलंत," ती म्हणाली. "आता परत माणूस करून द्या."

काकांच्या हातातला दात मेणात तिरका बसला. त्यांनी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"झालं काय?"

"काय व्हायचं राहिलंय? परवा एक गिऱ्हाईक आलं, कोट कधी देणार म्हणून. यांनी काय सांगावं? 'माझा दिवस आणि तुमचा दिवस सारखा नसतो.' ते गिऱ्हाईक कापड उचलून गेलं. सासूबाई आठ महिने अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं मी करते. पूर्वी हे रागावले, ओरडले तरी संध्याकाळपर्यंत येऊन 'चुकलं' म्हणायचे. आता तेही बंद. म्हणतात, मी चुकणारा नव्हेच, ती धूळ आहे. मी म्हटलं, धूळ तर धूळ, पण ती रोज माझ्या डोळ्यांत जाते."

काकांनी तिरका दात मेणातून काढला. "त्यानं अर्धंच ऐकलं," एवढं ते पुटपुटले.

"असेल," ती म्हणाली. "मला तर अर्धंही ऐकायला मिळालं नाही. सासूबाईंना एकटं ठेवून येता येत नाही." आणि ती आली तशी गेली.

गोष्ट पाळकांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. शिंप्यानं रविवारच्या उपासनेत पापकबुलीच्या प्रार्थनेला उभं राहायचं सोडलं होतं. सगळे उभे, हा आपला हाताची घडी घालून बसलेला. पाळकांनी काकांना बोलावून घेतलं. कार्यालयात दोघंच होते. टेबलावर उपासनेचे कागद पसरलेले होते.

"काका, मी तुम्हाला शिकवायला सांगितलं, ते तुमच्यावर विश्वास ठेवून," पाळक म्हणाले. "प्रतिरूप आहे हे मला मान्य आहे. पण प्रतिरूप म्हणजे देव नव्हे. तुमच्याकडचा प्लास्टरचा जबडा काही घास चावत नाही."

काका यावर हसले, कारण मुद्दा चोख होता. पण त्यांनी उत्तर दिलं, "साहेब, प्लास्टरचा जबडा मी करतो, म्हणून तो मेलेला असतो. देवानं केलेल्या प्रतिरूपात श्वास आहे."

"मग त्या श्वासानं शिंप्याला जरा नम्र करायला नको होतं का?"

वर्ग काही दिवस बंद ठेवायचा असं ठरलं. पाळकांनी ते सौम्यपणे सांगितलं, पण सांगितलं.

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. काकू आतल्या खोलीत इस्त्री करत होत्या. काका दारात उभे राहून सगळं सांगत गेले. शिंपी काय बोलला, त्याची बायको काय बोलली, पाळक काय म्हणाले. शेवटी म्हणाले, "मी इतकी वर्षं कमावलेली गोष्ट त्या मूर्खानं महिन्यात वाया घालवली. अर्धं ऐकून पळाला."

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही तरी पूर्ण सांगितलं होतं का?"

"म्हणजे?"

"मला कुठे माहीत काय सांगितलं? मला तुम्ही कधी काही सांगितलंच नाही. अकरा वर्षं तुम्ही त्या ओट्यापाशी बसून हसताय. मी मधल्या दारातून पाहतेय. मला वाटलं, सांगतील कधीतरी. मग तुम्ही चर्चमध्ये जाऊन आठ पुरुषांना सांगितलंत." त्या भांडणाच्या सुरात बोलत नव्हत्या. कपाटात कुठले कपडे कुठे ठेवलेत हे सांगावं, तशा सांगत होत्या. "देव सगळ्यांत आहे म्हणता ना? मग मी शेजारच्या खोलीतच होते."

काका खाली बसले. अकरा वर्षांत त्यांनी या बाईच्या हातचा चहा दिवसातून चार वेळा घेतला होता, आणि प्रत्येक वेळी डोळे पुस्तकात ठेवून. शास्त्रात सगळीकडे दिसणारी गोष्ट त्या कपाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसात त्यांनी एकदाही शोधली नव्हती. शिंपी निदान अर्धं तरी ऐकून गेला होता. आपण तर सांगणारे असून बहिरे, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं बरेच दिवस गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टर ओतून झाल्यावर त्यांनी काकूंना हाक मारली. ओट्याशी दुसरं स्टूल ठेवलं. म्हणाले, "बस. मी वाचतो, तू ऐक." आणि प्रभूनं दाखला दिलेलं ते जुनं स्तोत्र काढून त्यांनी तेवढीच ती ओळ वाचली.

"मागचं-पुढचं काय आहे?" काकूंनी विचारलं.

"पुढचं वेगळं आहे."

"वाचा तरी."

काकांनी पहिल्यापासून वाचलं. स्तोत्र लहानसंच आहे. देव सभेत उभा आहे आणि न्याय करतोय. तो विचारतो, तुम्ही किती दिवस चुकीचा निवाडा करणार? दुबळ्याची बाजू घ्या, पोरक्याला न्याय द्या, गांजलेल्याला सोडवा. मग ती ओळ येते, तुम्ही देव आहात अशी. आणि लगेच पुढे, तरी तुम्ही मराल ते माणसांसारखेच.

काकूंनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "अहो, हे कौतुक कुठे आहे? हे तर रागावणं आहे. एवढे मोठे असून हे असं वागता, म्हणून कान धरलाय."

काकांनी पान पुन्हा वाचलं. तीन वर्षं त्यांनी त्या ओळीवर काढली होती, पण तिला अख्ख्या स्तोत्रातून कापून, एकटी ओट्यावर ठेवून. एखादा दात जबड्यातून सुटा काढावा आणि त्यावरून सगळं तोंड ओळखायला जावं, तसं झालं होतं. ओळ खरीच होती. पण ती ज्यांना म्हटली होती, त्यांच्या दारात कुणीतरी दुबळं उभं होतं.

"देव असल्याची खूण मग काय?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला होता.

"मला काय विचारता? प्रभूनं काय केलं शेवटच्या जेवणाच्या वेळी? कमरेला रुमाल गुंडाळून पाय धुतले. ते तर मलाही ठाऊक आहे."

त्यानंतरही काका लगेच शिंप्याकडे गेले नाहीत. जाऊन काय बोलायचं, हे त्यांना ठरवता येईना. बोलूनच तर सगळा घोटाळा झाला होता. पण शिंप्याच्या बायकोचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. सासू आठ महिने अंथरुणावर. त्यांनी काकूंना चौकशीला पाठवलं. काकूंनी येऊन सांगितलं की, म्हातारीची कवळी जुनी आहे, हिरड्या आटल्या तशी ती सैल होऊन पडते, म्हणून महिनोन्महिने डब्यातच आहे. जेवण पातळ करून भरवतात. बोललेलं कुणाला कळत नाही, नुसतं हूं हूं ऐकू येतं.

काकांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना गळ घातली. त्या एका सकाळी घरी जाऊन ठसा घ्यायला तयार झाल्या, आणि काकाही त्यांच्याबरोबर गेले. शिंप्याचं घर दुकानाच्या मागेच. पलंग खिडकीजवळ. शिंप्यानं काकांना पाहून वर्गाचा विषय काढला. "वर्ग का बंद केला, काका? माणसांना सत्य सोसत नाही, असंच ना?"

"बघू," काका म्हणाले. "आधी इकडे ये. आईचं डोकं धरायला माणूस हवा."

"हिला सांगा. तिला सवय आहे."

"ती रोज धरते. आज तू धर."

डॉक्टरीणबाई हातमोजे घालून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर नाही म्हणणं शिंप्याला जमलं नाही. तो पलंगाच्या उशाला बसला. आईचं डोकं त्यानं आपल्या छातीशी टेकवलं, एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली. डॉक्टरीणबाईंनी लगदा भरलेली पट्टी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "तीन मिनिटं. हलू द्यायचं नाही. घाबरल्या तर बोलत राहा त्यांच्याशी."

म्हातारी घाबरली. पट्टीनं तोंड भरलेलं, श्वास नाकानं भराभर चाललेला. तिनं मुलाचं मनगट धरलं. तीन मिनिटं म्हणायला थोडी, पण दुसऱ्याचं डोकं हातात असताना ती संपता संपत नाहीत. शिंपी एवढंच म्हणत राहिला, "झालं, आई. झालंच. मी आहे." त्याची बायको दाराशी उभी राहून पाहत होती. काकाही पाहत होते. ठसा कसा घेतात, हे इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. डब्यातून येणाऱ्या त्या थंड लगद्यामागे एवढी धडधड असते, याची त्यांना कल्पना नव्हती.

पट्टी निघाली. शिंप्यानं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं आईचं तोंड पुसलं. बराच वेळ तो तिथून उठला नाही.

हात धुताना त्यानं काकांना विचारलं, "ही इतकी हलकी कधी झाली?"

"तू उचललं नाहीस म्हणून तुला कळलं नाही," काका म्हणाले. मग म्हणाले, "तुला मी म्हणालो होतो, तू देवाच्या अंशाचा आहेस. ते मी मागे घेत नाही. पण ते मी तुला एकट्याला सांगितलं, ती माझी चूक. ते या पलंगावरच्या बाईलाही लागू आहे आणि दारातल्या बाईलाही. आणि ज्याला ते आधी दुसऱ्यात दिसत नाही, त्याला स्वतःत दिसलं असं मी धरत नाही. मलाही दिसलं नव्हतं. घरात बोलणी खाल्ली, तेव्हा कळलं."

शिंप्यानं टॉवेल काकांपुढे धरला. काकांनी विषय वाढवला नाही.

कवळीला चार फेऱ्या लागल्या. मेणाचे दात बसवून बघायचे, चावा जुळवायचा, पुन्हा न्यायचं. चारही वेळा काका स्वतः गेले आणि चारही वेळा डोकं शिंप्यानं धरलं. शेवटच्या फेरीला कवळी बसली. म्हातारीनं जीभ फिरवून पाहिली, ओठ मिटले, उघडले. सगळे वाट पाहत होते. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा स्पष्ट बोलली.

"ती खिडकी लावा रे कुणीतरी. वारा लागतोय कधीपासून."

सुनेनं तोंडावर हात ठेवला. इतके महिने सासूबाई हूं हूं करत होत्या ते दुखण्यानं, असं समजून ती त्यांना गोळ्या देत होती आणि हवा यावी म्हणून खिडकी आणखी उघडत होती. शिंप्यानं उठून खिडकी लावली. मग बायकोकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चुकलं."

"कुणाचं?" तिनं विचारलं.

"माझं. कोटाचं पण. सगळंच."

यानंतर शिंपी संत झाला, असं कुणी समजू नये. जीभ तिखट ती तिखटच राहिली. पण सकाळी आईला पुसून कपडे बदलायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं, आणि म्हातारी पुढची दोन वर्षं जगली तोवर ते सोडलं नाही. रविवारी पापकबुलीला तो उभा राहू लागला. एकदा पाळकांनी त्याला विचारलं, "काय, मत बदललं का?" तो म्हणाला, "मत तेच आहे. पाय मोकळे होतात म्हणून उभा राहतो." पाळक हसले आणि त्यांनी ते तिथेच सोडलं.

वर्ग सहा महिन्यांनी पुन्हा सुरू झाला, तो काकांच्या कारखान्यात. जबडे एका बाजूला सारून ओट्याभोवती स्टुलं मांडली जात. आता बायकाही येत. शिंप्याची बायकोही येई, कारण त्या वेळेत नवरा आईपाशी बसे. तो पुढच्या शनिवारी येई. अशी त्यांची पाळी लागली होती. पाळकही अधूनमधून येऊन मागे बसत. देव आणि प्रतिरूप या दोन शब्दांवरून त्यांचा आणि काकांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पण वरिष्ठांनी वर्गाबद्दल लेखी विचारणा केली तेव्हा पाळकांनी उत्तर पाठवलं की, शिकवण मला पूर्णपणे पटत नाही, वर्गातल्या लोकांच्या वागणुकीबद्दल मात्र तक्रार नाही, सबब वर्ग चालू ठेवावा.

वर्गाची रीत एकाच बाबतीत बदलली. काका कुठलीही ओळ वाचून थांबले की काकू म्हणत, "पुढचं?" आणि काका पुढचं वाचत.